जपानी ग्रां प्री: एका रात्रीत दोन-तीन लढती, हे परत यावं का?

निशाचर_पुणेकर

मंडळी, इथे क्रिकेटवर आठवड्याला एक धागा निघतो, मैदानं लागली की कुस्तीवर निघतो. जपानच्या एमएमएवर, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, पेच सगळं चालणाऱ्या लढतींवर शोधलं तर एक ओळ सापडेना. म्हणून हा प्रपंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोकियो डोमला प्राइड ही अशा लढती भरवणारी संस्था सुरू झाली आणि २००७ पर्यंत चालली. प्राइड चालवणाऱ्यांपैकीच नोबुयुकी साकाकिबारा यांनी २०१५ मध्ये राइझिन काढलं, ते अजून जोरात आहे. दोन्हीकडे खरा सण म्हणजे ग्रां प्री. सोळा किंवा आठ माणसं, बाद पद्धत, आणि शेवटच्या दिवशी उपांत्य आणि अंतिम लढत एकाच रात्री. २००० साली तर उपांत्यपूर्व फेरीसुद्धा त्याच रात्री होती. ज्याला करंडक हवा त्याने एका रात्रीत तीनदा रिंगमध्ये उतरायचं.

अमेरिकेतल्या यूएफसीत तीन महिने आधी जोड ठरते, समोरच्याच्या जुन्या लढती बघून तयारी होते, सगळं नीटनेटकं. मला ते बघताना झोप येते. ग्रां प्रीत पहिल्या लढतीत पाय सुजला की तोच पाय घेऊन दुसऱ्या लढतीला यावं लागतं, आणि समोरच्याने तो पाय आत पडद्यावर बघितलेला असतो.

तर प्रश्न दोन. अशी स्पर्धा तुम्हाला न्याय्य वाटते का, आणि पूर्वीसारखी तीन लढतींची रात्र परत यावी का? दुसरं म्हणजे धाकट्या भावाला हा नाद लावायचाय. त्याला पहिली लढत कुठली दाखवू?

मी_पामर

पहिला! आता वाचतो.

खडूस_काकू

धाकट्या भावाला नाद लावायला दुसरं काही मिळालं नाही का? तबला लाव, पोहायला लाव.

अभ्या_नाशिक

वा! कुणीतरी काढला एकदाचा.

न्याय्य की अन्याय्य हे ठरवायचं तर १ मे २००० ची रात्र काढून बसावं लागेल. टोकियो डोम. उपांत्यपूर्व फेरीत काझुशी साकुराबाविरुद्ध रॉयस ग्रेसी. ग्रेसी घराण्याने आधीच अट घातलेली: वेळेची मर्यादा नको, पंचांनी मध्ये थांबवायचं नाही. म्हणून पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, कुणीतरी हरेपर्यंत. आता साकुराबा काय करतो? तो प्रो-रेसलिंगमधून, म्हणजे निकाल आधी ठरवून केलेल्या कुस्तीच्या खेळातून आलेला, अंगात नाटक भरलेलं. एकसारखे मुखवटे घातलेले तीन जण चालत येतात आणि त्यातला खरा कोण हे रिंगजवळ आल्यावर कळतं! समोर रॉयसचे वडील हेलिओ बसलेले, ज्यांच्या घराण्याने जगाला ब्राझिलियन जिउ-जित्सू दिलं, आणि हा इसम चेष्टा करत येतोय.

आणि मग सहा फेऱ्या. नव्वद मिनिटं. मध्येच त्याने रॉयसची पँट ओढायचा उद्योग केला, प्रेक्षक हसतायत, पण खाली मांडीवर लाथा चालूच. रॉयस पाठीवर पडून पाय वर करून वाट बघतो आणि साकुराबा उभ्यानेच त्या पायांवर मारत राहतो. सहावी फेरी संपल्यावर रॉयसच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. उभं राहायला पाय शिल्लक नव्हता.

दीड तास लढून हा माणूस आत गेला आणि थोड्या वेळाने परत बाहेर आला, इगोर व्होवचानचिनशी लढायला. इगोर त्या काळातला सगळ्यात जड हाताचा माणूस, वजनातही भारी. तरी साकुराबाने पंधरा मिनिटं काढली. पंचांनी निकाल न देता आणखी एक फेरी सांगितली, तेव्हा त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला. बेरीज करा, एका रात्रीत एकशे पाच मिनिटं.

करंडक मिळाला मार्क कोलमनला. आता त्याचा रस्ता बघा. आधी अकिरा शोजीबरोबर पंधरा मिनिटं. मग उपांत्य फेरीत काझुयुकी फुजिता, जो आधीच्या लढतीत जायबंदी होऊन आलेला. घंटा वाजली, फुजिताच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला, लढत संपली दोन सेकंदांत. दोन! मग अंतिम फेरीत ताजातवाना कोलमन विरुद्ध दमलेला इगोर.

न्याय कुठे आहे यात? नाहीच. पण पंचवीस वर्षांनी आपण ती रात्र बोलतोय ना.

तांबडा_पांढरा

अभ्याभाऊ, कोलमनला असं नशिबावर काढू नका. तो साधा गडी नव्हता. १९९१ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, १९९२ ला बार्सिलोना ऑलिम्पिकला अमेरिकेकडून फ्रीस्टाइल खेळलेला. आमच्याकडं तालमीत जुने वस्ताद असला गडी बघून नुसतं "मान बघा त्याची" म्हणतात, त्यातला. इगोरला खाली घेतला, डोक्याकडनं जाऊन दाबला आणि गुडघे घातले. फायनल दुसऱ्या फेरीत मिटवली. ताजा असला तरी इगोरला खाली घेणं म्हणजे काय पट काढून पळायचं काम नाही.

आणि वेळेची मर्यादा नको म्हणणाऱ्या ग्रेसीचं मला काही चुकीचं वाटत नाही. निकाली कुस्ती म्हणजे तेच की. गुणावर सुटलेल्या कुस्तीवर खासबागला कोण शिट्टी मारतंय? दुसऱ्याला अट घालून स्वतः त्याच अटीत अडकला, ह्याला म्हणायचं मैदान.

एका दिवसात दोन लढतींचं म्हणाल तर महाराष्ट्र केसरीलाही गादीचा आणि मातीचा गडी ठरला की त्या दोघांची किताबाची कुस्ती लागते. आधीच्या कुस्तीत कोण रगडला गेलाय ते पहिल्या खडाखडीतच कळतं. त्यात काय अन्याय? ताकद राखून खेळणं हा पण डावच आहे.

मी_पामर

दोन सेकंदांची उपांत्य फेरी! आमच्या हाफिसातली मीटिंग अशी कधी संपेल?

बे_एरिया_बंड्या

सगळं छान, पण जरा भान ठेवून बोलूया. जुन्या प्राइडवर इतकं प्रेम उतू चाललंय म्हणून दोन गोष्टी.

पहिली. तिथल्या सगळ्याच लढती खऱ्या नव्हत्या. एप्रिल १९९९ मध्ये याच कोलमनला नोबुहिको ताकादाने टाचेच्या पेचात पकडून हरवलं, ती लढत आधी ठरवलेली होती असं जवळपास सगळे जाणकार मानतात. ताकादा हा मुळात प्रो-रेसलिंगचा तारा, प्राइड त्याच्याच नावावर उभं राहिलेलं. पहिल्याच कार्यक्रमात रिक्सन ग्रेसीने त्याला पाच मिनिटांच्या आत हात पिरगाळून संपवलं होतं. ताऱ्याला कुठेतरी जिंकवायला हवंच होतं.

दुसरी. २००६ मध्ये तिथल्या एका साप्ताहिकाने प्राइड आणि याकुझा, म्हणजे तिथल्या गुन्हेगारी टोळ्या, यांच्या संबंधांवर लेखमाला चालवली आणि जूनमध्ये फुजी टीव्हीने प्रक्षेपण तोडलं. टीव्हीचा पैसा गेला आणि वर्षभरात दुकान बंद. मार्च २००७ मध्ये यूएफसीच्या मालकांनी विकत घेतलं, ८ एप्रिलला शेवटचा कार्यक्रम. ज्या मांडवाखाली आपण नाचतोय तो कुणाच्या पैशाचा होता हेही बघावं.

आणि ते धिप्पाड बॉब सॅपला रिंगमध्ये उतरवण्यासारखे प्रकार? तमाशा.

अभ्या_नाशिक

बंड्याशेठ, बॉब सॅपला मध्ये आणू नका. ऑगस्ट २००२, टोकियोचं नॅशनल स्टेडियम, उघड्यावर, नव्वद हजारांवर प्रेक्षक असा आयोजकांचा आकडा. इनोकीसाहेब चक्क पॅराशूटने खाली आले. त्या रात्री सॅपने ब्राझीलच्या नोगेराला उचलून डोक्यावर आपटलं. नोगेरा त्याच्या निम्म्या वजनाचा वाटत होता. दहा मिनिटं मार खाल्ला आणि दुसऱ्या फेरीत हात धरून लॉक केला. तुम्ही तमाशा म्हणा, पण एवढ्या मोठ्या माणसाला तंत्राने हरवता येतं हे शंभर पुस्तकं वाचून कळलं नसतं ते त्या एका लढतीने कळलं.

खडूस_काकू

पॅराशूटने? कोण हे इनोकी?

तांबडा_पांढरा

काकू, इनोकी म्हणजे लई मोठं नाव. १९७६ ला टोकियोत मुहम्मद अलीशी लढला, जपानी रेसलर विरुद्ध बॉक्सर. बराच वेळ पाठीवर पडून अलीच्या पायाला लाथा मारत बसला, निकाल बरोबरीत. त्याच वर्षी कराचीला गेला आणि अक्रम पैलवानाचा हात मोडला. अक्रम म्हणजे गामा पैलवानाच्या घरातला. आमच्या आजोबांच्या तोंडात ह्या गोष्टी होत्या.

आणि आपला टायगर जीत सिंग! पंजाबचा, कॅनडात गेलेला. १९७३ ला शिंजुकूत भर रस्त्यात, दुकानाबाहेर इनोकीला मारला, पोलीस आले. जपानी पोरं त्याला बघून रडायची म्हणे. जपानच्या ह्या खेळाची पाळंमुळं प्रो-रेसलिंगमध्ये आहेत, म्हणून तर ताकादा, साकुराबा सगळे तिथनंच आले.

डॉ_निवांत

धागा रंगलाय. रंगाचा बेरंग करतो, माफ करा.

एका रात्रीत अनेक लढतींबद्दल कुस्तीचा दाखला इथे लागू पडत नाही. कुस्तीत थकवा येतो, खांदा निखळतो, पण डोक्यावर ठोसे बसत नाहीत. प्राइडच्या नियमांत जमिनीवर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ आणि गुडघा चालायचा. पहिल्या लढतीत जिंकणाऱ्यालाही मेंदूला हादरा बसलेला असू शकतो, तो जिंकला म्हणून कुणी तपासत नाही. मेंदू सावरायच्या आत दुसरा हादरा बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी धोक्याचा असतो. अमेरिकेतली क्रीडा मंडळं ठोशाने बेशुद्ध झालेल्या लढवय्याला काही आठवडे उतरूच देत नाहीत, ते उगाच नाही.

२००० च्या त्याच ग्रां प्रीत इगोरने उपांत्यपूर्व फेरीत गॅरी गुडरिजला हरवलं होतं. गुडरिजने पुढे स्वतःच जाहीर केलं की मारामुळे मेंदूवर कायमचा परिणाम झालाय. ही माणसं आपल्याला आवडतात म्हणून तरी तीन लढतींची रात्र परत मागू नका.

निशाचर_पुणेकर

डॉक्टरसाहेब, मुद्दा बिनतोड. पण मग राइझिन करतं तशी दोन लढतींची रात्रसुद्धा नको म्हणाल का?

डॉ_निवांत

नको म्हणेन. आणि ३१ डिसेंबरला राइझिनचा कार्यक्रम बघेनही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

नीशीकासाईकर

नमस्कार. मी टोकियोत राहतो, नावावरून कळलंच असेल. इथे नीशी-कासाईत आपली इतकी माणसं आहेत की भाजीला मेथी मिळते, त्यामुळे घराची आठवण फार येत नाही.

राइझिनच्या ३१ डिसेंबर २०१७ च्या कार्यक्रमाला मी सायतामा सुपर अरेनात होतो. तोझाई लाइनने ओतेमाची, मग टोकियो स्टेशनवरून उत्तरेची गाडी, आणि सायतामा-शिंतोशिनला उतरलं की समोरच ते अजस्र धूड. माझं तिकीट चारशे लेव्हलचं, म्हणजे कबुतरांच्या शेजारी. रिंग पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण पडदे मोठे आहेत.

टीव्हीवर न कळणारी गोष्ट सांगतो. आपल्याकडे मैदानात हलगी, शिट्ट्या, बाप-आईचा उद्धार सगळं एकदम चालू असतं. इथे लढत सुरू झाली की लोक गप्प बसतात. इतके की मांडीवर लाथ बसल्याचा फटका वरपर्यंत येतो आणि कोपऱ्यातला प्रशिक्षक काय ओरडतोय ते भाषा येत असेल तर समजतं. मग जमिनीवरच्या झटापटीत खालच्याने नुसता एक पाय सोडवून घेतला तरी सगळीकडून "ओऽऽ" असा आवाज उठतो. शेजारी एक आजीबाई होत्या, सत्तरीच्या असाव्यात, मांडीवर डबा. ठोशांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, पण कुणी मानेभोवती हात नेला की त्या खुर्चीच्या कडेला सरकायच्या.

त्या रात्री महिलांच्या ग्रां प्रीचीही अंतिम लढत होती. अर्धं अरेना रेनासाठी आलेलं, ती शूटबॉक्सिंगची, म्हणजे उभ्याने लढायच्या खेळाची मोठी तारका. समोर कान्ना असाकुरा, वीस वर्षांची पोरगी. कान्नाने तिला खाली नेलं, पाठ घेतली आणि गळा आवळला. रेनाने हार मान्य केली नाही, तशीच शुद्ध हरपली. वीस हजारांच्या आसपास माणसं आणि दोन सेकंद कुणाचा श्वास ऐकू येईना. मग टाळ्या. हरलेल्या तारकेच्या चाहत्यांनीसुद्धा.

आणि क्योजी होरिगुची. २९ तारखेला एक लढत, ३१ ला मानेल कापेशी उपांत्य आणि शिंतारो इशिवातारीशी अंतिम. तीन दिवसांत तीन. कापेने त्याला तिसऱ्या फेरीपर्यंत रगडलं. तरी अंतिम लढतीत दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच इशिवातारीला झोपवला. कोलमनला दोन सेकंदांची विश्रांती मिळाली म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी ही ग्रां प्री बघावी. इथे नशिबाला जागाच नव्हती.

रेवती_डोंबिवली

नीशीकासाईकर, आजीबाईंचा पत्ता द्या, माझ्या सासूबाईंशी गाठ घालून देते.

आमच्या घरी ३१ डिसेंबरला सकाळपासूनच हा खेळ लागतो. जपान साडेतीन तास पुढे, त्यामुळे इकडे जेवायची वेळ आणि तिकडे लढती सुरू. सोसायटीचे लोक संध्याकाळच्या पार्टीची वर्गणी मागायला येतात तेव्हा आमच्या हॉलमध्ये एक बाई किंचाळत असते. सुरुवातीला शेजारच्या काकांनी विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना? ती लेनी हार्ट, निवेदिका. प्राइडच्या वेळेपासून तीच आहे. नावं अशी ताणून ओरडते की आमचा मुलगा आता शाळेच्या हजेरीला तसं उत्तर देतो. बाईंची चिठ्ठी आली आहे.

सासूबाईंनी आधी नाकं मुरडली. आता त्यांना राइझिनचा आरंभसोहळा फार आवडतो. सगळे लढवय्ये एका ओळीत मंचावर उभे राहतात, दिवे, ढोल. म्हणतात, आपल्या आखाड्यात असं का करत नाहीत?

मी_पामर

बाईंची चिठ्ठी फ्रेम करा.

गोव्याचो_बाबय

ढोलाचं काढलंत म्हणून. प्राइडच्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात तो ताकादा लंगोट नेसून ढोल बडवायचा, ते पाहिलंत का कोणी? कडाक्याच्या थंडीतला महिना, आणि हा पुरुष उघडाबंब! आमच्या शिगम्यातले ढोलकार बरे, निदान कपडे घालतात रे.

त्या देशात ३१ डिसेंबर म्हणजे घरोघरी सोबा नूडल्स आणि एनएचकेवर गाण्यांचा कार्यक्रम, तो पिढ्यान्‌पिढ्या बघतात. २००३ साली मात्र तीन वाहिन्यांवर तीन फायटिंगचे कार्यक्रम एकाच रात्री: सायतामाला प्राइड, नागोयाला किकबॉक्सिंगवाल्यांचा के-वन, कोबेला इनोकीचा. नागोयात आकेबोनो, पहिला परदेशी योकोझुना म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च मानाचा मल्ल, सुमो सोडून बॉब सॅपसमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत तोंडावर पडला. ती लढत चालू असताना काही मिनिटं प्रेक्षकसंख्येत गाण्यांचा कार्यक्रम मागे पडला होता. बंड्याभाऊ ज्याला तमाशा म्हणतात त्याचा हा हिशेब.

बे_एरिया_बंड्या

तमाशाला गर्दी होते हे मी कधी नाकारलं? माझा मुद्दा गर्दीचा नाही. आकेबोनोसारख्या माणसाला, ज्याचे गुडघे सुमोत गेलेले, त्याला ठोशांसमोर उभं करणं हा गर्दीसाठी केलेला सौदा होता.

आणि राइझिननेही तेच केलं. पहिल्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१५ ला रशियाचा फेदोर एमेलियानेन्को तीन वर्षांनी निवृत्तीतून परत आला. समोर कोण? जयदीप सिंग. आपला भारतीय, जपानात किकबॉक्सिंग केलेला, उंचापुरा, पण एमएमएचा अनुभव जेमतेम. पहिल्या फेरीत खाली पाडून ठोसे घातले, जयदीपने हार मानली. मी उठून उभा राहिलो होतो, भारतीय नाव बघून. तीन मिनिटांत बसलो.

अभ्या_नाशिक

जयदीपवर अन्याय करू नका राव. जगाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम हेवीवेटसमोर उभं राहायला हो म्हणाला, हे तुम्ही-मी म्हटलं असतं का?

बरं, २०१८ ला अमेरिकन बॉक्सर मेवेदरने १२५ पौंडांच्या आसपासच्या तेनशिन नासुकावाला बॉक्सिंगमध्ये पहिल्याच फेरीत तीनदा पाडलं, पोरगं रडलं, त्याला तुम्ही तमाशा म्हणा, मी सही करतो. पण त्याच रात्री होरिगुचीने अमेरिकेच्या बेलाटर या संस्थेच्या विजेत्याला, डॅरियन कॉल्डवेलला, गळा आवळून हरवलं. एकाच ताटात दोन्ही वाढतात ही जपानी मंडळी. आपण वेचून खायचं.

तांबडा_पांढरा

ह्या सगळ्यात फेदोरचा विषय निघाला म्हणून. २००४ ची हेवीवेट ग्रां प्री, जूनमध्ये केविन रँडलमन विरुद्ध फेदोर. रँडलमन हा कुस्तीगीर, विद्यापीठातला दोनदा विजेता. पाठीमागनं कमरेला मिठी घातली, उचलला आणि मागं टाकला. मान सरळ मॅटवर. माझ्या बरोबर तालमीतली सहा पोरं बघत होती, सगळ्यांनी एकदम स्वतःच्या मानेला हात लावला. आता फेदोर उठत नाही असं वाटलं. तर पडतापडताच त्यानं अंग फिरवलेलं, आणि थोड्या वेळात हात धरून खांद्यामागं पिळला, रँडलमननं सोडून दिली. सगळं मिळून दीड मिनिट.

वस्तादांना मोबाइलवर दाखवलं. चारदा बघितलं. म्हणाले, "पडायला शिकलाय." बास, एवढंच.

निशाचर_पुणेकर

तांबडाभाऊ, वस्तादांना माझा दंडवत सांगा.

पण बघा, त्याच ग्रां प्रीचा शेवट कसा झाला? ऑगस्टमध्ये अंतिम फेरीत फेदोर आणि नोगेराची चुकून डोक्याला डोकी लागली, फेदोरची जखम उघडली, लढत रद्द. करंडक अधांतरी. ३१ डिसेंबरला परत लढले तेव्हा फेदोर जिंकला. मग मी म्हणतो की एकाच रात्री निकाल लागलाच पाहिजे हा हट्ट असला, तरी निसर्ग ऐकत नाही.

डॉ_निवांत

म्हणजे धागाकर्ते आता माझ्याच बाजूला सरकतायत.

निशाचर_पुणेकर

अर्धं पाऊल. तीन लढतींची रात्र नको, हे पटलं. दोन लढतींची हवी. २००६ ची खुल्या गटाची ग्रां प्री आठवा. मिर्को क्रो कॉप, क्रोएशियाच्या पोलीस कमांडो पथकातला, त्या वेळी तिथल्या संसदेतला सदस्यसुद्धा. फेदोरने त्याला वर्षभर आधी हरवलेलं, आणि प्राइडचा एकही मोठा किताब त्याच्याकडे नव्हता. १० सप्टेंबरला, त्याच्या वाढदिवशी, उपांत्य फेरीत वांदरलेई सिल्वाला डाव्या लाथेने झोपवलं आणि अंतिम फेरीत जॉश बार्नेटला संपवलं. बार्नेट त्या आधी नोगेराशी पूर्ण वेळ लढून आलेला, म्हणजे मिर्कोला फायदा होताच. तरी पट्टा घेताना तो दगडासारखा माणूस रडला. एकेक लढत महिन्याच्या अंतराने झाली असती तर हे दृश्य मिळालं नसतं.

खडूस_काकू

आमदार लाथा मारतात हे ऐकून होते. डावी लाथ असते हे आज कळलं.

मी_पामर

काकूंना फुल्ल मार्क! मंडळी, अवांतर: त्या कोलमनचं पुढे काय झालं?

अभ्या_नाशिक

पामर, चांगलं विचारलंत. मार्च २०२४ मध्ये ओहायोत आई-वडिलांच्या घराला रात्री आग लागली. कोलमन तिथेच झोपलेला. त्याच्या कुत्र्याने, हॅमरने, भुंकून जागं केलं. वयाच्या साठीला टेकलेल्या या माणसाने आधी आई-वडिलांना बाहेर काढलं आणि मग कुत्र्यासाठी परत धुरात गेला. हॅमर वाचला नाही. कोलमन स्वतः काही दिवस अत्यवस्थ होता, मग उठला. हॅमर हे त्याचं स्वतःचं रिंगमधलं टोपणनाव.

खडूस_काकू

कुत्र्याचं वाचून वाईट वाटलं. हा माणूस मला आवडला.

नीशीकासाईकर

मूळ दुसरा प्रश्न राहिलाच. भावाला काय दाखवायचं? माझं मत, साकुराबा–रॉयस पहिली दाखवू नका. नव्वद मिनिटं नवशिक्याला झेपणार नाहीत. डॉन फ्राय विरुद्ध योशिहिरो ताकायामा दाखवा, जून २००२. सुरुवातीलाच दोघांनी एका हाताने एकमेकांची मान धरली आणि दुसऱ्या हाताने ठोसे, बचाव हा शब्दच नाही. सहा मिनिटांत मिटतं.

डॉ_निवांत

माझा तीव्र विरोध! ताकायामाचा चेहरा शेवटी बघवत नाही. त्या पोराला साकुराबा–रेन्झो ग्रेसी दाखवा, ऑगस्ट २०००. मागून मिठीत पकडला गेलेला साकुराबा गिरकी घेऊन हात पिरगाळतो ते सौंदर्य आहे. मसाहिको किमुराने १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन हेलिओ ग्रेसीवर हाच पेच टाकला होता. पन्नास वर्षांनी घराण्याला तीच भेट.

तांबडा_पांढरा

डॉक्टर, त्यात रेन्झोचा कोपर निखळतो. तुम्हाला ते चालतंय आणि ताकायामाचं तोंड चालत नाही होय?

डॉ_निवांत

कोपर बसवता येतो.

निशाचर_पुणेकर

निर्णय घेतला. काल रात्री भावाला रेन्झोवाली दाखवली. कोपर निखळल्यावर रेन्झोने हार मानली नाही हे बघून तो म्हणाला, "येडा आहे का हा?" मग स्वतःहून पुढची मागितली. फ्राय–ताकायामा लावली. मग त्याने विचारलं, हे दोघं नंतर मित्र झाले का? उत्तर देता आलं नाही. मग रँडलमनची फेक दाखवली तेव्हा आई आतून बाहेर आली, कारण दोघं एकदम ओरडलो होतो.

३१ तारखेचं ठरलंय. भाऊ येतोय. रेवतीताई, वर्गणी मागायला येणाऱ्यांना काय सांगायचं ते आधी कळवा.

रेवती_डोंबिवली

वर्गणी आधीच देऊन टाका. दार उघडायला उठायचं नाही, नेमकी तेव्हाच लाथ बसते.

बे_एरिया_बंड्या

इकडे ती पहाट असणार, आणि मी गजर लावलाय. तमाशा बघायला.